वैशाखातला कोट

दिल्लीत शहाजहान मार्गावर धोलपूर हाऊस नावाची वास्तू आहे. संघ लोकसेवा आयोगाचे कार्यालय तेथे असल्यामुळे देशभरातील सुशिक्षित तरुणांच्या मनात या वास्तूला एखाद्या तीर्थक्षेत्राची प्रतिष्ठा लाभलेली आहे. २०२२ साली नागरी सेवेच्या मुलाखती तेथे एप्रिल आणि मे या महिन्यांत झाल्या. त्याच वर्षीचा मार्च हा हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींतील भारतातला सर्वांत उष्ण मार्च ठरला होता, आणि पुढील दोन महिनेही उत्तर हिंदुस्थान लूच्या झळांनी होरपळत होता. अशा दिवसांत मुलाखतीला येणारा तरुण कसा येतो, हे आपण सर्वजण जाणतो. अंगात गडद रंगाचा कोट, गळ्यात टाय, पायांत काळे बूट, काखेत प्रमाणपत्रांची फाईल, आणि मानेवरचा घाम पुन्हा पुन्हा टिपणारा रुमाल.

आपल्यापैकी पुष्कळांनी हा वेष आयुष्यात एकदा तरी केलेला आहे. तो करा, असे आपणांस लेखी कोणी कळविले नव्हते. परंतु मोठ्या भावाने, शिकवणी वर्गाच्या चालकाने, आदल्या वर्षी निवडल्या गेलेल्या मित्राने तो आपल्या मनावर ठसविला होता. लिखित नियमापेक्षा अलिखित नियम अधिक कडक असतो, याचा अनुभव सरकारी नोकराला वेगळा सांगावयास नको. लिखित नियमातून सूट मिळावी म्हणून अर्ज तरी करता येतो. अलिखित नियमाचा अर्ज कोणत्या कक्षाकडे पाठवावयाचा?

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. कोट घालावा की न घालावा, यात नीतीचा प्रश्न तो कसला, असे कोणी विचारील. परंतु नीतीचे प्रश्न नेहमी प्राणसंकटाच्याच रूपाने पुढे येतात असे नाही. एका माणसाच्या हाती दुसऱ्याचे भवितव्य असते, दुसरा त्याच्यापुढे उभा असतो, आणि त्या उभे राहण्याची किंमत कोणी मोजावयाची हे ठरावयाचे असते; तेथे नीतीचा प्रश्न उपस्थित झालाच. वैशाखातल्या कोटाखाली हाच प्रश्न दडलेला आहे.

प्रथम शरीराची बाजू पाहू. माणसाच्या त्वचेचे तापमान सामान्यतः ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तोवर शरीरातील उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याहून तापली की प्रवाह उलटतो, उष्णता बाहेरून आत येऊ लागते, आणि शरीराजवळ एकच उपाय उरतो: घाम गाळणे व तो वाळू देणे. घाम येण्याने अंग थंड होत नाही. तो वाळण्याने होते. कोट, त्याचे अस्तर, छातीवरील ताठ कापड आणि गळपट्टी आवळून धरणारा टाय, ही सर्व योजना घाम वाळू न देण्यासाठीच केली असावी, असे वाटते. थंड मुलुखात या वस्त्राने शरीराची ऊब राखली आणि आपले काम चोख बजावले. दिल्लीच्या मे महिन्यात तेच वस्त्र तेच काम तितक्याच चोखपणे बजावते, आणि घात करते.

शिवाय सर्वांचा कोट एकसारखा नसतो. ज्याच्या घरी पैसा आहे त्याचा कोट हलक्या, हवा खेळू देणाऱ्या लोकरीचा अथवा तागाचा असतो, आणि तो घालून तो गार मोटारीतून दारापर्यंत येतो. ज्याच्या घरी पैसा नाही त्याचा कोट पॉलिस्टरचा, कदाचित मावसभावाकडून उसना आणलेला असतो, आणि तो बसमधून, मेट्रोच्या स्थानकावरून पायी चालत येतो. वरून पाहता दोघांचा वेष एक. परंतु त्या वेषाचे ओझे एक नव्हे. आत मंडळाच्या खोलीत हवा गार असते. तेथे बसलेल्यांना समोरच्याच्या कपाळावर दिसतो तो घाम उन्हाचा की भीतीचा, हे ठरविण्याचे साधन त्यांच्यापाशी नसते. ते बहुधा भीतीचाच समजतात. गुणपत्रिकेत तापमानाचा रकाना नसतो.

उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला की शासनाच्याच यंत्रणा नागरिकांना सैल, सुती, फिकट रंगाचे कपडे घालावयास सांगतात. सल्ला शहाणपणाचा आहे. परंतु ज्या दिवशी तो वर्तमानपत्रांत छापून येतो, त्याच दिवशी त्या सल्ल्याच्या अगदी उलट वेष करून आपली हुशार मुले शासकीय आणि खाजगी कचेऱ्यांच्या दारांत उभी असतात.

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. वेषाला काही अर्थच नाही, असे म्हणणे हा निव्वळ आळशीपणा होय. पाहुणा घरी यावयाचा असला की आपण स्वच्छ कपडे घालतो. आलेल्या माणसाला त्यातून आपण एवढेच सांगतो की, तुझे येणे आम्हांला नित्याचे वाटत नाही. मुलाखतीला जाणारा तरुणही तेच सांगत असतो. सभ्यतेचा हा गाभा सोडून देण्याचे कारण नाही.

वेषावरून पारख करण्याची रीतही आजची नव्हे. समुद्राने पीतांबरधारी विष्णूला आपली कन्या दिली आणि दिगंबर शंकराच्या वाट्याला विष दिले, तेव्हा वस्त्राचे महत्त्व काय सांगावे, अशा आशयाचे एक जुने सुभाषित प्रसिद्ध आहे. मुलाखत मंडळाचा हा बहुधा सर्वांत प्राचीन दाखला असावा. मात्र सुभाषितकाराने कथेचा पुढचा भाग सांगितला नाही. ते विष पचविण्याची पात्रता त्या दिगंबराखेरीज दुसऱ्या कोणातही नव्हती, आणि वेळ आली तेव्हा सर्व सभ्य मंडळी त्याच्याकडेच धावली होती.

आपल्या परंपरेत या विषयावर विचार करण्यास वेषापेक्षाही उपयोगी पडेल असा एक शब्द आहे: औचित्य. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून काव्याचे जीवित औचित्यात आहे असे प्रतिपादन केले. मेखला गळ्यात घातली आणि हार कमरेला बांधला तर माणूस हास्यास्पद ठरतो, असा दाखला तो देतो. अलंकारात दोष नसतो; दोष त्याच्या जागेत असतो. आणि औचित्य म्हटले की स्थळाबरोबर काळही आला. ज्या अर्थाने कमरेचा हार अनुचित, त्याच अर्थाने पंचेचाळीस अंशांच्या उन्हातील अस्तरदार कोट अनुचित होय. औचित्याच्या नावाने ज्याची मागणी होते, तेच येथे अनौचित्य ठरते.

हे केवळ शब्दपांडित्य नव्हे, याची साक्ष आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्याच प्रतीक्षालयात मुलीही बसलेल्या असतात. त्यांच्यापैकी पुष्कळजणी नीट इस्त्री केलेली सुती साडी नेसून येतात. त्या वेषाला आजवर कोणी अनौपचारिक म्हटलेले नाही. उलट त्याची वाखाणणीच होते. म्हणजे भारतीय उन्हाळ्याला साजेसे वस्त्र आणि सभ्यता ही दोन्ही एकाच अंगावर सुखाने नांदू शकतात, हे आपण स्त्रियांच्या बाबतीत मान्य केलेले आहे. साडी नेसणे, सावरणे यांचे कष्ट वेगळे, ते मी कमी लेखीत नाही. परंतु कापडापुरते बोलावयाचे तर मुलींना जे उचित ठरले ते मुलांना अनुचित का ठरावे, याचे उत्तर हवेत सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

एकोणिसाव्या शतकात या देशात पादत्राणांचा एक वाद गाजला होता. आपल्याकडील जुन्या रीतीप्रमाणे दरबारात जाताना जोडे बाहेर काढावयाचे असत. इंग्रजी अंमलात १८५४ साली असे ठरले की, ज्या एतद्देशीयाच्या पायांत विलायती पद्धतीचे बूट असतील त्याने ते सरकारी समारंभात काढण्याची गरज नाही. देशी जोडा घालणाऱ्याला मात्र ही सवलत नव्हती. पाय तोच, पायाचा मालकही तोच; परंतु त्याचा मान बुटाच्या घाटणीवर ठरू लागला. आपला पूर्वज त्या दिवशी जो धडा शिकला तो सोपा होता: परका वेष केला की उंबरठा ओलांडताना वाकावे लागत नाही. पुढे धोतरावर कोट चढला, मग धोतर जाऊन पाटलोण आली, आणि अखेरीस टायने गळा गाठला. राज्य गेले, धडा राहिला.

मग तो कोट भिरकावून द्यावा, एवढाच निष्कर्ष काढावयाचा काय? इतक्या सहजासहजी तो काढता येत नाही. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेस गांधीजींनी पंचा स्वीकारला आणि दहा वर्षांनी, १९३१ च्या नोव्हेंबरात, ते त्याच वेषात वर शाल पांघरून बकिंगहॅम राजवाड्यात गेले. त्याच गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकर लंडनला होते, ते सुटाबुटात. दोघांच्या वेषाचा हवामानाशी संबंध नव्हता. दोघेही वेषाने एक नैतिक विधान करीत होते. ज्याला सर्व वस्त्रे उपलब्ध होती त्याने ती टाकून, ज्यांना ती मिळत नाहीत त्यांच्याशी नाते सांगितले. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना विशिष्ट तऱ्हेचेच वस्त्र वापरण्याची सक्ती होती, त्यांच्या प्रतिनिधीने उत्तम वस्त्र अंगावर चढवून ती सक्ती मोडली. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना, अस्पृश्यतेची खूण पटविणारी लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा टाकून द्या, असे बजावले होते. हे ज्याला ठाऊक आहे तो खेड्यातून आलेल्या मुलाच्या उसन्या कोटाला हसणार नाही. तो कोट कदाचित त्याच्या कुळातला पहिला कोट असेल.

महात्मा फुल्यांचे उदाहरणही येथे आठवते. १८८८ च्या मार्चमध्ये पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि जमलेल्या भरजरी पोशाखांकडे पाहून, हा खरा हिंदुस्थान नव्हे, असे त्यांनी राजपुत्रास ऐकविले. परंतु लक्षात घेतले पाहिजे की जोतीराव तेथे नोकरी मागावयास गेले नव्हते. आणि राजवाड्याच्या दारात पोहोचण्यापूर्वीच गांधीजी गांधीजी झालेले होते. वेष झुगारण्याचे स्वातंत्र्य ज्याची ओळख वेषाविना पटलेली आहे त्याला असते. ज्याची अजून कोणतीच ओळख नाही, त्याला वेष हेच ओळखपत्र. म्हणून उमेदवाराने धैर्य दाखवावे, हा उपदेश ऐकावयास कितीही उदात्त असला तरी तो अन्यायाचा आहे. ज्याच्यापाशी सर्वांत कमी सत्ता आहे त्याच्याकडून आपण सर्वांत अधिक शौर्याची अपेक्षा करतो.

मुलाखतीपूर्वी उमेदवारांची मूळ कागदपत्रे तपासण्याचे काम कधीकधी माझ्याकडे येते. जून महिन्यातील अशाच एका सकाळी मराठवाड्यातून आलेला एक मुलगा माझ्या टेबलाशी उभा होता. कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांपर्यंत येत होत्या. टेबलावरील पाटीवर मराठी आडनाव पाहून त्याने हलक्या आवाजात विचारले, “सर, कोट काढला तर चालेल का?” मी म्हणालो, “कोट घालावा असा काही नियम नाही.” त्यावर तो म्हणाला, “नियम नाही ते माहीत आहे, सर. पण चालेल का?”

या दोन वाक्यांतच सगळा प्रश्न आलेला आहे. नियम काय आहे ते माझ्यासारखा कोणीही सांगू शकतो. चालेल की नाही, हे फक्त आत बसलेलेच सांगू शकतात, आणि ते सांगत नाहीत. त्यांनी मनाई केलेली नसते. परंतु त्यांच्या मौनाचा अर्थ लावण्याची जबाबदारी उमेदवारावर पडते, आणि शहाणा उमेदवार तो अर्थ नेहमी आपल्याला अधिक त्रास होईल असाच लावतो. त्याला धोका पत्करणे परवडत नाही.

पत्करावयाचा धोका काल्पनिक असतो, असेही नाही. मे २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या स्वागताला बस्तरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी उन्हाळी सदऱ्यात आणि काळ्या चष्म्यात गेले, तेव्हा औपचारिक वेष नसल्याबद्दल राज्य शासनाने १९६८ च्या सेवावर्तणूक नियमांचा आधार घेऊन त्यांना ताकीद दिली. ज्याची नोकरी पक्की, ज्याच्या हाती जिल्हा, त्याचीही ही गत. मग दारातल्या मुलाने काय समजावे? पुढे काही न्यायालयांतूनही अधिकाऱ्यांना कपड्यांवरून बोल ऐकावे लागले. अखेर ३ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, अधिकाऱ्याच्या पदाला विहित केलेल्या वेषाचा भंग होत नसेल तर न्यायालयांनी त्याच्या पोशाखावर टीकाटिप्पणी करू नये. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, संयमाची अपेक्षा या ठिकाणी सत्ता ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून करण्यात आली. न्याय्य दिशा तीच आहे.

ती दिशा व्यवहारात कशी येते, याचे उदाहरण जपानने घालून दिले. २००५ च्या उन्हाळ्यात तेथील पर्यावरण मंत्रालयाने कचेऱ्यांतील वातानुकूलन २८ अंशांवर ठेवावे आणि नोकरांनी कोट-टाय न घालता कामावर यावे, अशी मोहीम काढली. जपानी नोकरदार शिष्टाचाराच्या बाबतीत आपल्याहून अधिक कर्मठ. नुसत्या परिपत्रकाने त्याने टाय सोडला असता असे वाटत नाही. परंतु पंतप्रधान कोइझुमी आणि त्यांचे मंत्री स्वतः उघड्या गळ्याने लोकांपुढे आले, आणि मग कनिष्ठांची भीड चेपली. आपल्याकडेही एप्रिल २०१० मध्ये भोपाळ येथील एका पदवीदान समारंभात तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी अंगावरचा झगा व्यासपीठावरच उतरविला होता. तोच झगा एखाद्या विद्यार्थ्याने उतरविला असता तर ती शिस्तभंगाची बाब झाली असती. वरच्याने काढला तर सुधारणा, खालच्याने काढला तर उद्धटपणा. हा भेद आपल्याला आवडो वा न आवडो, तो आहे. आणि तो आहे म्हणूनच प्रथम काढण्याचे कर्तव्य वरच्याचे ठरते.

या संदर्भात ‘ऐच्छिक’ हा शब्द मोठा फसवा आहे. कोट ऐच्छिक आहे असे कळवून मंडळाचे सदस्य स्वतः कोटात बसले, तर उमेदवार त्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही, आणि त्याने ठेवूही नये. उलट दिशेनेही हेच घडते. गुरुग्राम-बंगळूरकडील काही नव्या कंपन्यांत मालक गोल गळ्याच्या बनियनवजा सदऱ्यात बसतो, आणि कोट घालून गेलेला मुलगा गावंढळ ठरतो. बंधन गेले असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात संकेत बदललेला असतो, आणि तो बदलल्याची बातमी ज्यांचे त्या जगात नातेवाईक आहेत त्यांनाच मिळालेली असते. संकेत जितका अस्पष्ट, तितका तो ओळखीच्यांना सोयीचा.

उसना कोट घालणारा उमेदवार ढोंगी ठरतो काय, हाही प्रश्न राहतो. मला तसे वाटत नाही. आपण परप्रांतात राहणारे लोक बाजारात हिंदी बोलतो, कचेरीत इंग्रजी लिहितो आणि घरी आल्यावर मराठीत शिरतो. यांतील एकही भाषा खोटी नसते. वेष ही त्याच जातीची भाषा आहे. समोरच्याला कळेल त्या भाषेत त्याचा आदर व्यक्त करणे हे ढोंग नव्हे. असत्याचा आरंभ दुसरीकडे होतो. कोटाची भाषा ऐकून जेव्हा मंडळ तिला गुणवत्ता समजते, तेव्हा. त्या असत्याचा कर्ता खुर्चीत बसलेला असतो.

केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. वशिला आणि भ्रष्टाचार यांना आळा घालणे हा त्यामागील हेतू होता. परंतु त्या निर्णयाने, काही मिनिटांच्या दर्शनावर माणसाचे भवितव्य सोपविणे धोक्याचे आहे, हेही मान्य केले. वरिष्ठ पदांसाठी, प्राध्यापकांसाठी आणि सगळ्या खाजगी क्षेत्रासाठी मात्र ते दर्शन अजून चालू आहे, आणि जेथे ते चालू आहे तेथे त्यातील जेवढा दोष दूर करता येईल तेवढा दूर करणे हे करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

करावयाचे ते फार थोडे आहे. एप्रिल ते जुलै या काळातील मुलाखतपत्रात एक स्पष्ट वाक्य असावे: कोट व टाय घालून येऊ नये, स्वच्छ सुती वेष पुरेसा आहे. मंडळाच्या सदस्यांनी स्वतः तसाच वेष करावा. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी द्यावे आणि आत बोलावण्यापूर्वी पंख्याखाली पंधरा मिनिटे बसू द्यावे. उमेदवाराकडून अपेक्षा ठेवावयाची ती स्वच्छतेची, नीटनेटकेपणाची, वेळ पाळण्याची; कारण एवढे गरिबातला गरीबही देऊ शकतो आणि तेवढ्याने आदर पुरेपूर व्यक्त होतो.

हे पान वाचणाऱ्यांपैकी कित्येकजण आज अशा जागी आहेत की, मंडळावर त्यांची नेमणूक होते, किंवा निदान मुलाखतपत्राचा मसुदा त्यांच्या टेबलावरून जातो. बाहेर उन्हात उभे राहिल्याची आठवण खुर्चीत बसल्यावर फार लवकर पुसली जाते. गार हवेचा तो गुणच आहे. मसुद्यात एक ओळ घालावयास खर्च येत नाही, वरिष्ठांची फारशी मंजुरीही लागत नाही. ती ओळ वाचून दूरच्या एखाद्या गावातला मुलगा मावसभावाकडे कोट मागावयास जाणार नाही, आणि जे उत्तर त्याला कोणी कारकून देऊ शकत नाही ते त्याच्या घरी आधीच पोहोचलेले असेल.